डोरियन वाजवायला घ्यावं आणि सी मेजर ऐकू यावं: युकुलेलेवर सा का घसरतो?

लक्षण ओळखीचं असेल. डी डोरियनच्या, म्हणजे डीला सा धरलेल्या काफीच्या, कॉर्ड्स काढल्या: डी मायनर, जी, एफ, सी, ए मायनर. एकही चुकीची नाही. तारा सुरात, बोटं जागेवर, ट्यूनरचा दिवा हिरवा. पहिली दोन आवर्तनं काफीचा रंग दिसतो आणि मग कधी कोण जाणे, सगळं सी मेजर होऊन बसतं. डी मायनरवर येऊन थांबलं तर गाणं अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. सी वाजली की कान म्हणतो, हां, आता पोचलो. खमाजात तेच, यमनात तर हमखास. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावं, तर पुन्हा तेच.

गोव्यात ही तक्रार हल्ली वरचेवर कानावर येते. एकाच घरात एक मूल पेटीवर सारेगम शिकतं, दुसरं युकुलेलेवर कॉर्ड्स, आणि भजनाला दोघांनाही बसायचं असतं. (चवथीच्या आरतीला युकुलेले नेऊ नका. घुमट आणि शामेळ ही चर्मवाद्यं सुरू झाली की तुमच्या चार तारा तुम्हालाही ऐकू येणार नाहीत.) घरच्या बल्कांवात (पुढच्या ओसरीत) किंवा देवळाच्या चौकात, पेटीच्या शेजारी मात्र हे वाद्य छान बसतं. अडचण एवढीच की पेटीवाले बुवा मान वर करून विचारतात, "बाय, सा खंय गेला तुझा?" आणि बायला कळत नाही, कारण तिच्या वहीतली एकही कॉर्ड चुकलेली नसते.

माझं म्हणणं असं की कॉर्ड्स शोधत बसण्यात वेळ घालवू नका. त्या बहुतेक वेळा बरोबरच असतात. बिघाड असतो तो सा कुठे ठेवला यात, आणि युकुलेलेवर सा ठेवायला जागा फार थोड्या आहेत.

आधी खात्री करून घ्या

वाजवता वाजवता कुठल्याही कॉर्डवर मध्येच तळहात टेकवून तारा बंद करा आणि मनात जो सूर शेवटचा म्हणून उमटतो तो गुणगुणा. विचार करू नका, येईल तो. मग तो तारेवर शोधा. डी आला तर तुमचा सा शाबूत आहे आणि तुमची तक्रार वेगळी आहे. सी आला तर हा लेख तुमच्यासाठी. ही परीक्षा मोबाइलवरचा तानपुरा बंद ठेवून घ्यायची. तानपुरा चालू असला की सा तो सांभाळतो आणि आपण सांभाळतोय असं उगीच वाटत राहतं.

इथून पुढे कॉर्ड्स आकड्यांत लिहितो. क्रम जी, सी, ई, ए या तारांचा, आकडा पडद्याचा, ० म्हणजे मोकळी तार. पेटीच्या भाषेत या चार तारा पांढरी ५, पांढरी १, पांढरी ३ आणि पांढरी ६.

मोड आणि थाट

भजन-नाट्यगीत ऐकत वाढलेल्याला मोड, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातल्या सात सुरांच्या मांडण्या, वेगळे शिकावे लागत नाहीत. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा थाट आणि सहा मोड स्वरांच्या हिशेबाने एकच आहेत. आयोनियन म्हणजे बिलावल, डोरियन काफी, फ्रिजियन भैरवी, लिडियन कल्याण, मिक्सोलिडियन खमाज, एओलियन आसावरी. सातवा लोक्रियन, त्यात शुद्ध पंचमच नाही, म्हणून त्याला जोडीदार थाट नाही आणि आपल्यालाही त्याचं काम नाही. भैरव, पूर्वी, मारवा, तोडी हे या मोडांत सापडणार नाहीत. सकाळच्या भैरवातल्या भजनाला मोडाच्या यादीतून कॉर्ड्स शोधत बसलात तर दिवस मावळेल.

यात एक मेख आहे. डी डोरियनचे सूर आणि सी मेजरचे सूर तेच सात, नुसत्या पांढऱ्या पट्ट्या. फरक कोणत्या सुराला सा मानायचं एवढाच. पेटीवर बुवा डाव्या हाताने भाता मारतात, सा-पा दाबून ठेवतात, प्रश्न मिटतो. युकुलेलेला भाता नाही, सूर लगेच विरतो, आणि सा दाबून ठेवायला खालची जाड तारही नाही.

वाद्याचा स्वतःचा कल

चारही तारा मोकळ्या वाजवा, ००००. हे जी, सी, ई, ए झाले, म्हणजे सी सिक्स्थ. तिलाच ए मायनर सेव्हन्थही म्हणतात, पण सगळ्यांत खालचा सूर सी असल्यामुळे कान तिला सी म्हणूनच धरतो. म्हणजे तुम्ही काही न करताच हे वाद्य सी सी म्हणत असतं. तुम्ही त्याच्यावर डीचं घर बांधायला जाता.

दुसरी गोष्ट नेहमीच्या वरच्या जी तारेची. हातात धरल्यावर ती सगळ्यांत वर दिसते, पण सुराने ती सी आणि ई दोघींपेक्षा उंच. उतरत्या क्रमाने तारा न लावण्याची ही पद्धत जुनी आहे. (युकुलेलेचे पूर्वज मादैरा बेटावरून आले. १८७९ मध्ये रेव्हन्सक्रॅग नावाच्या जहाजातून तिथले मजूर आणि सुतार होनोलुलूला उतरले, त्यांच्या माशेती नावाच्या छोट्या वाद्यापासून हवाईत युकुलेले तयार झालं. तेव्हा मादैरावरही पोर्तुगीज आणि आपल्याकडेही पोर्तुगीज. देवळात हे परकं वाद्य कशाला म्हणून कुणी नाक मुरडलं तर पेटीही बाहेरूनच आली याची आठवण करून द्यायला हरकत नाही.)

या तारेमुळे होतं असं की कुठल्याही कॉर्डचा तळ सी तारच ठरवते. बाकी तीन तारा तिच्या वर. म्हणून एकच सवय लावा: कॉर्ड धरली की आधी सी तारेवर काय चाललंय ते बघा.

बघा आता. सी, ०००३: तळाला सी. एफ, २०१०: तळाला सी. ए मायनर, २०००: तळाला पुन्हा सी. डी डोरियन म्हणून तुम्ही ज्या पाच कॉर्ड्स वाजवता त्यांतल्या तीन कॉर्ड्स तळातून सी म्हणतात. डी मायनर एकटी बिचारी किती ओढणार?

सी तारेचा दुसरा पडदा

आता उपाय. डी मायनर घ्या, २२१०. सी तारेवर दुसरा पडदा, तिथे डी. म्हणजे घरची कॉर्ड तळातून सा म्हणते, हे उत्तम. आता जी घ्या, ०२३२. सी तारेवर परत दुसरा पडदा! जी कॉर्डचा तळही डीच आहे. म्हणजे या दोन कॉर्ड्स नुसत्या आलटून पालटून वाजवल्या तर खाली सा अखंड चालू राहतो, आणि वर डी मायनरमध्ये कोमल ग, जीमध्ये शुद्ध ध. काफीची ओळख पटवायला एवढं पुरतं.

नियम असा करा की काफीचं काही वाजवताना सी तारेचा दुसरा पडदा सुटता कामा नये. बोट बदललं तरी चालेल. नेहमीच्या पद्धतीने डी मायनरला तिथे अनामिका असते आणि जीला तर्जनी, त्याला इलाज नाही. पण पडदा तोच. मग बाकीच्या कॉर्ड्स अशा बदलतात:

सी हवी असेल तिथे ०००३ नको, ०२०३. तेच सूर, खाली डी.
ई मायनर हवी तिथे ०२०२, म्हणजे ई मायनर सेव्हन्थ.
एफ हवी तिथे २२१३. हिला डी मायनर सेव्हन्थ म्हणा नाहीतर एफ सिक्स्थ.
ए मायनर हवी तिथे २२००. हिच्यात ग नाहीच, कोमलही नाही आणि शुद्धही नाही. हिचा उपयोग पुढे सांगतो.

आणि एक खास: २२१२. सूर ए, डी, एफ, बी. डी मायनर सिक्स्थ. कोमल ग आणि शुद्ध ध एकाच कॉर्डमध्ये, खाली सा. मला विचाराल तर काफीला युकुलेलेवर याहून चांगलं घर नाही. कॉर्डच्या ॲपमध्ये हेच आकडे टाकले तर ते कदाचित बी हाफ-डिमिनिश्ड असं भयंकर नाव सांगेल. घाबरू नका. खाली डी आहे, आपल्यासाठी ती डीचीच.

हे करून वर सांगितलेली गुणगुणण्याची परीक्षा पुन्हा घ्या. बहुतेकांचा घसरणारा सा इथेच थांबतो. थांबला नाही, तर खालच्या दोन जागा तपासा.

जी सेव्हन्थ आणि तिच्यामागून येणारी सी

जी सेव्हन्थ, ०२१२, हिच्यात एफ आणि बी एकत्र येतात आणि त्या जोडीला सी-ईवर उतरायची घाई असते. पाश्चात्त्य सुरावटीचं अर्धं इंजिन याच जोडीवर चालतं. म्हणून जी सेव्हन्थनंतर लगेच सी वाजवली की एका झटक्यात सी मेजरचं राज्य. मग पुढची दहा आवर्तनं डी मायनर वाजवलीत तरी कान ऐकत नाही.

जी सेव्हन्थ वाईट नाही. तिच्यानंतर डी मायनरला परत या, काही बिघडत नाही. जोडी तेवढी टाळा. प्रत्येक थाटाची अशी एक नडणारी जोडी असते आणि ती काढायची पद्धत सोपी आहे: ज्या मेजरचे सूर तुम्ही उसने घेतलेत त्या मेजरची पाचवी कॉर्ड सेव्हन्थ करून, तिच्यानंतर ती मेजर. ए वरच्या काफीत डी सेव्हन्थ ते जी. सी वरच्या खमाजात सी सेव्हन्थ ते एफ. ऑनलाइन मिळणाऱ्या तयार कॉर्ड्समध्ये ही जोडी सर्रास असते, कारण तिथे गाणं मेजर नाहीतर मायनर एवढंच गृहीत धरलेलं असतं.

सम कुणाकडे आहे?

ही जागा कॉर्ड्स शिकवणारे सांगत नाहीत, पण तबल्याशेजारी बसणाऱ्याला लगेच पटते. भजनी ठेका घ्या किंवा केहरवा, आठ मात्रा. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, जी कुठली कॉर्ड पडते तिला कान घर मानतो, खालीवर, म्हणजे पाचव्या मात्रेवर, पडते तिला पाहुणी. पुष्कळ जण गाण्याच्या उठावणीपासून वाजवायला लागतात. उठावणी समेआधी, त्यामुळे डी मायनर तिथेच खर्च होते आणि नेमकी समेवर जी किंवा सी येते. कॉर्ड्स अचूक, पण मानाच्या पाटावर भलतीच बसलेली.

डी मायनर समेवर, जी पाचव्या मात्रेपासून, आणि पुढच्या समेला न चुकता परत. चार-सहा आवर्तनं फक्त एवढंच. कंटाळवाणं वाटतं हे खरं, पण कॉर्ड्स जितक्या जास्त तितका मोड पातळ. दोन कॉर्ड्समध्ये काफी उभी राहत नसेल तर सहा कॉर्ड्समध्ये अजिबात राहणार नाही.

सा कुठे घ्यायचा: थाटागणिक जागा

वाद्याचा कल सीकडे आहे म्हटल्यावर ज्या थाटांना शुद्ध ग लागतो ते सरळ सी वरच घ्यावेत. तिथे हा कल आपल्या बाजूने काम करतो. सी सा धरला की जी आणि सी या दोन मोकळ्या तारा म्हणजे पा आणि सा झाले. तानपुऱ्याची जोडच ती. सी तारेला हातच लावायचा नाही, जीला शक्यतो नाही, बोटं मुख्यतः ई आणि ए तारांवर.

खमाज असा: ०००३ घर. ०००१ केलं की कोमल नी आला. ००११ मध्ये मध्यम आणि कोमल नी. ३०११ म्हणजे बी फ्लॅटची कॉर्ड, पण खाली सी तशीच मोकळी. फिरून ०००३. एफ, २०१०, वाजवायला हरकत नाही, तिच्याही तळाला सा आहे. मात्र ०००१ नंतर लगेच एफ घेऊ नका आणि एफवर ओळ संपवू नका.

यमन: ०००२ घर, त्यात शुद्ध नी आहे. त्यातच ई तारेचा दुसरा पडदा दाबला की ००२२. सूर ऐका: पा, सा, तीव्र म, नी. एका बोटाने यमनचं दार उघडतं. थोडी हालचाल हवी असेल तर २०२०. हवाईकडे ही डी सेव्हन्थ म्हणून वापरतात, हिच्यात डी नाहीच आणि सी तार मोकळी आहे. आपल्याला नेमकं तेच हवंय. इथून ०००२ वर परत. जीवर गेलात की संपलं, सा जी होतो.

जाता जाता भैरव. मोड नसला तरी ०००३ आणि एफ मायनर, १०१३, या दोन कॉर्ड्स आलटून वाजवा. मध्यम आणि कोमल ध मिळतो, सा खाली टिकतो. कोमल रे गायकावर सोडा.

कोमल ग लागणारे थाट सी वर घेऊ नका. ई तार मोकळी असली की शुद्ध ग वाजणारच आणि तो लपवण्यात हाताची सगळी शक्ती जाते. त्यांच्यासाठी डी किंवा ए. डी वरची काफी वर झाली. ए वर सा घेतला तर गंमत अशी की जी तारेचा दुसरा पडदा आणि मोकळी ए तार, दोन्हीकडे तोच सा वाजतो. खाली सा मिळत नाही, वर मिळतो, तोही दुहेरी. आता या तीन जोड्या एकापाठोपाठ वाजवून बघा:

२००० आणि २२२०: काफी.
२००० आणि २०१०: आसावरी.
२००० आणि ३२१०: भैरवी.

घर तिन्हीकडे तेच, ए मायनर. पहिल्या जोडीत शुद्ध ध चमकतो. दुसरीत एक बोट वाढवलं की तो कोमल होतो. तिसरीत जी तारेवरचं बोट एक पडदा पुढे सरकलं, तिथे बी फ्लॅट म्हणजे कोमल रे. आणि तिन्ही ठिकाणी ए तार मोकळी, सा बोलत राहतो. पुस्तकात ३२१० ऐवजी बी फ्लॅटची साधी कॉर्ड ३२११ दिलेली असते. ती घेतली की ए तारेवरचा सा गेला. भैरवीत सा गेला की पुढच्या कॉर्डला गाणं डी मायनरकडे कलतं. तर्जनी ई तारेवर आडवी न ठेवता टोकावर उभी ठेवा म्हणजे ए तार दबणार नाही. या कॉर्डमध्ये चूक होते ती बहुतेक इथेच.

वर सा ऐकू यायचा तर स्ट्रमिंगही तसं हवं. अंगठा खाली येताना ए तारेवर जरा रेंगाळू द्या किंवा वर जाताना तर्जनीने ए तार आधी घ्या. चारही तारा सारख्या खरवडल्या तर मधल्या दोनच जास्त ऐकू येतात.

कॉर्ड बरोबर, सा खाली, तरी कडू लागतं

मग सूर तपासा. आत्ता आपण सगळा भरवसा सी तारेच्या दुसऱ्या पडद्यावर ठेवला, आणि स्वस्त युकुलेलेत नेमकी तीच जागा चढी लागते. सी तार चारांत जाड. नटच्या (मानेच्या टोकाशी तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या) खाचा उंच राहिल्या असतील तर पहिल्या-दुसऱ्या पडद्यावर तार जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. तानपुरा डी म्हणतो, तुमचा डी त्याच्या डोक्यावरून जातो.

सी तार मोकळी बरोबर लावा. दुसरा पडदा अगदी हलक्या बोटाने दाबा, ट्यूनर बघा. मग तीच डी मायनर पूर्ण धरून फक्त सी तार छेडा. हलक्या बोटाने बरोबर आणि कॉर्डमध्ये चढा, तर दोष पकडीचा: तुम्ही तार आवळताय किंवा वर ढकलताय. हलक्या बोटानेही चढाच, तर बाराव्या पडद्यावर दाबून बघा. तिथे ठीक आणि इथे चढा असेल तर नट. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून खाच थोडी उतरवून घ्या. घरी कानस घेऊन बसू नका, खाच जास्त खोल गेली की मोकळी तार झणझणते आणि नट बदलावा लागतो.

ट्यूनर हाताशी नसेल तर तारांची आपापसांत पडताळणी करा: सीचा चौथा पडदा म्हणजे मोकळी ई, ईचा तिसरा म्हणजे मोकळी जी, ईचा पाचवा म्हणजे मोकळी ए.

जूनमध्ये आपल्याकडे लाकूड दमटपणाने फुगतं, पुढची पाटी किंचित वर येते, तारा पडद्यांपासून उंच होतात. मे महिन्यात गोड वाजणारं वाद्य पावसात चढं लागतं ते यामुळे. उघडं भिंतीला टांगून ठेवू नका, त्याच्या केसमध्ये ठेवा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

गायकाशी भांडण

सगळं जमलं तरी गायकाचा कोमल ग आणि तुमच्या कॉर्डचा कोमल ग एकमेकांना घासतात असं कधी कधी होतं. गायक तो सूर रागाच्या हिशेबाने लावतो, पडदा मात्र ठोकून बसवलेला. अशा वेळी माघार आपण घ्यायची. डी वर २२०० ही ग नसलेली कॉर्ड त्यासाठीच. आलापात, संथ ओळीत तेवढीच वाजवा, आणि लय चढली की डी मायनर आणा.

थाट म्हणजे राग नव्हे हेही विसरू नका. खमाज रागात आरोहाला शुद्ध नी येतो, अवरोहाला कोमल. गायक शुद्ध नी घेऊन वर चाललाय आणि तुम्ही ०००१ वाजवलंत तर दोन नी एकमेकांच्या अंगावर येणार. वर जाताना ०००३, खाली येताना ०००१. ठुमरी-भजनातल्या भैरवीत तर बाराही सूर येऊन जातात. तिथे २००० धरून ठेवायचं, ३२१० ओळीच्या शेवटी कोमल रेवरून सा वर येताना, बाकी वेळ गप्प. गोव्याच्या मातीतले गाणारे, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी असोत की केरीच्या केसरबाई केरकर, त्यांचं ध्वनिमुद्रण लावून त्याच्याबरोबर नुसता सा धरून बघा. साथ कुठे थांबवायची हे पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं.

पेटीच्या पट्टीला जुळवणं

वरच्या सगळ्या जागा पांढरी १, पांढरी २ आणि पांढरी ६ साठी आहेत, आणि बुवा म्हणणार काळी १. बोटांच्या जागा बदलू नका, तारांचा सूर बदला किंवा कॅपो (मानेवर बसणारा, सगळ्या तारा एका पडद्यावर दाबणारा चिमटा) लावा. काळी १ मध्ये खमाज-यमन हवं तर पहिल्या पडद्यावर कॅपो आणि सी वरच्या कॉर्ड्स तशाच. काळी १ मध्ये काफी हवी तर चारही तारा अर्धा सूर उतरवा आणि डी वरच्या कॉर्ड्स. बाई काळी ५ मध्ये गात असतील तर पहिल्या पडद्यावर कॅपो आणि ए वरच्या जोड्या. काळी ४ असेल तर कॅपो नको, तारा अर्धा सूर उतरवून ए वरच्याच. सोप्रानोवर, म्हणजे नेहमीच्या लहान युकुलेलेवर, कॅपो पाचव्या पडद्यापलीकडे नेऊ नका, सूर खेळण्यासारखा किणकिणतो.

कॅपो लावल्यावर तारा पुन्हा लावून घ्याव्या लागतात, विशेषतः सी. कॅपो जोरात आवळला की तीच आधी चढते.

ज्यांना साथीसाठीच वाद्य घ्यायचंय त्यांनी कॉन्सर्ट किंवा टेनर हे मोठ्या आकाराचं युकुलेले घ्यावं आणि खालची जी तार, म्हणजे लो जी, बसवावी. मग २००० मध्ये तळाला सी न राहता ए येतो आणि ए वरच्या तिन्ही जोड्यांना खरा खर्ज मिळतो. पण सी वरच्या कॉर्ड्सना मात्र तळाला पंचम येईल, आणि डी वरच्या ०२३२ मध्ये तळाला जी, म्हणजे वर सांगितलेली सी तारेची युक्ती तिथे लंगडी पडते. तिथे अंगठा सी तारेपासून खाली ओढायचा, जी तार सोडून द्यायची. लो जीची जाडी वेगळी असल्यामुळे जुन्या नटच्या खाचेत ती बसेलच असं नाही. तार घेतानाच वाद्य बरोबर न्या.